एक्स-रेच्या रिपोर्टात 'सीक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स' : याचा नेमका अर्थ काय?

रानजाई

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. भूल देण्याआधीच्या तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्ट जसाच्या तसा देते:

"फायब्रोकॅल्सिफिक लेजन्स इन राइट अप्पर झोन. नो अ‍ॅक्टिव्ह पॅरेन्कायमल लेजन सीन. इम्प्रेशन : सीक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स. सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन."

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 'कॉक्स' म्हणजे काय ते नणंदेने शोधून काढलं आणि घरात हलकल्लोळ. सासूबाईंनी बाबांचं ताट-पेला वेगळा काढलाय, माझ्या दीड वर्षाच्या लेकीला आजोबांच्या खोलीत जायला बंदी. बाबा मात्र ठणठणीत. खोकला नाही, ताप नाही, रोज सकाळी फिरायला जातात. एवढंच म्हणाले, "कॉलेजात असताना छातीचं काहीतरी निघालं होतं, ढीगभर इंजेक्शनं घेतली होती."

सर्जनची वेळ सोमवारची आहे. एकेक शब्द सुटा शोधला तर अर्थ सापडतो, पण सगळे मिळून काय सांगताहेत ते समजत नाहीये. इथल्या डॉक्टर मंडळींनी प्लीज प्रकाश टाका.

उंबरठा

"नो अ‍ॅक्टिव्ह" लिहिलंय ना, मग कशाला घाबरता? आमच्या वडिलांच्या रिपोर्टात असंच होतं, ऑपरेशन व्यवस्थित झालं.

भाऊ_पिंपळे

घाबरू नका म्हणायला काय जातंय. टीबीचा जंतू एकदा आत शिरला की कायमचा राहतो असं मी वाचलंय. जंतू आहे म्हणजे आजार आहे. बारकं पोर घरात आहे, लांबच ठेवा.

फुप्फुसकाका

छातीच्या ओपीडीत जन्म गेला, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

रानजाई, आधी ताट-पेला परत एकत्र करा. टीबी भांड्यांतून पसरत नाही, सक्रिय फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला-बोलला की हवेतून पसरतो.

आता रिपोर्ट. 'कॉक्स' म्हणजे टीबीच. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्यांचं नाव. पेशंटसमोर 'टीबी' म्हणायला नको म्हणून आपल्याकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं 'कॉक्स' म्हणत आले. आता लोक गूगल करतात, त्यामुळे आडपडदा उरला नाही आणि धसका मात्र दुप्पट.

त्या चार ओळींत तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ती एकात एक मिसळली म्हणून तुमच्या घरात गोंधळ झालाय.

पहिला प्रश्न, काय दिसतंय? त्याचं उत्तर 'लेजन'. ऊतीत जिथे जिथे नेहमीपेक्षा वेगळं काही झालंय ती जागा म्हणजे लेजन. तोंडातला छालाही लेजन आणि कॅन्सरची गाठही लेजन. या शब्दाला कारण माहीत नसतं, गांभीर्यही माहीत नसतं. पुढचं विशेषण वाचायचं. 'फायब्रो' म्हणजे तंतुमय व्रण, 'कॅल्सिफिक' म्हणजे त्यात कॅल्शियम साचलंय. दोन्ही गोष्टी व्हायला महिने-वर्षं लागतात. 'पॅरेन्कायमल' म्हणजे खुद्द फुप्फुसाच्या ऊतीतलं.

दुसरा प्रश्न, कशामुळे? 'कॉक्स'. याला आम्ही इटिऑलॉजी म्हणतो, रोगाचं कारण. इथे रेडिऑलॉजिस्टने ते अनुमानाने लिहिलंय. एक्स-रेमध्ये जंतू दिसत नाही, त्याने केलेली मोडतोड दिसते. फुप्फुसाच्या वरच्या भागात अशी मोडतोड असली की आपल्या देशात पहिला संशय टीबीवरच जातो. त्या जंतूला ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसाच्या शेंड्याकडे तो जास्त मिळतो.

तिसरा प्रश्न, केव्हाचं? 'ओल्ड' आणि 'सीक्वेली'. आजार संपल्यावर मागे राहिलेलं ते सीक्वेली. पोलिओ होऊन गेल्यावर बारीक राहिलेला पाय हा पोलिओचा सीक्वेला, पायात आता पोलिओ नसतो. कॉम्प्लिकेशन वेगळं, ते आजार चालू असताना किंवा उपचारांमुळे उद्भवतं.

'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे "मी फक्त फिल्म पाहिली, माणूस तुम्ही पाहा". अंगचोरपणा नाही तो. एका एक्स-रेवरून आजार सक्रिय आहे की विझलेला, हे छातीठोक सांगता येत नाही. जुनी फिल्म शोधा. पाच-दहा वर्षांपूर्वीची फिल्म मिळाली आणि डाग तसाच असला, तर निम्मं काम झालं.

बाबांनी घेतलेली इंजेक्शनं बहुधा स्ट्रेप्टोमायसिनची. त्या काळी इंजेक्शनं आणि वर्ष-दीड वर्ष गोळ्या असा कोर्स असायचा. हकिगत रिपोर्टाशी जुळते आहे. सोमवारी सर्जनला सांगायला विसरू नका.

आंबटचुका

वाखुसा (वाचनखूण साठवली)! काका, तो जंतू आत गेल्यावर नक्की काय होतं तेही लिहा ना. 'पॅथोजेनेसिस' हा शब्द वाचला की माझं डोकं बंद पडतं.

फुप्फुसकाका

पॅथोजेनेसिस म्हणजे कारण घडल्यापासून आजार उभा राहीपर्यंतचा मधला सगळा प्रवास. टीबीइतका तो छान दुसरा कुठला आजार दाखवत नाही, म्हणून शिकवायला मला टीबीच आवडायचा.

खोकल्यातून उडालेल्या थेंबातलं पाणी सुकतं आणि एक ते पाच मायक्रॉनचा कण हवेत तरंगत राहतो. याहून मोठा कण नाकाघशातच अडकतो, हा थेट वायुकोशापर्यंत पोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्याला असतात. त्या जंतूला गिळतात. इतर बहुतेक जंतूंची कहाणी इथे संपते, टीबीचा जंतू मात्र गिळलेल्या पेशीतच जगतो आणि वाढतो. तोही निवांत: एकाचे दोन व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. कॉलऱ्याचा जंतू तेच काम तासाभराच्या आत उरकतो. कॉलरा तासांत माणूस आडवा करतो आणि टीबी महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो, त्याचं एक कारण हे.

दोन ते आठ आठवड्यांत प्रतिकारशक्तीला शत्रूची नीट ओळख पटते. मग पेशी जंतूंभोवती कडं करतात, तो ग्रॅन्युलोमा. कड्याच्या मधला भाग मरून कुस्करलेल्या पनीरसारखा होतो. त्याला केसिएशन म्हणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलं की पॅथॉलॉजिस्ट कान टवकारतात. नुसता ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी असं मात्र नाही. सार्कॉइडोसिसमध्ये, कुष्ठरोगात, काही बुरशींच्या संसर्गातही ग्रॅन्युलोमा होतात.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जंतू कड्यात कोंडलेला, माणूस धडधाकट, एक्स-रे स्वच्छ किंवा एखादा चुन्याचा ठिपका. याला संसर्ग म्हणायचं, रोग नाही. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा रोग होतो, त्यातही निम्म्या जणांना पहिल्या दोनेक वर्षांत.

भाऊ_पिंपळे

>> संसर्ग म्हणायचं, रोग नाही <<

डॉक्टर, राग मानू नका, पण हा शब्दांचा खेळ झाला. जंतू शरीरात आहे, पण रोग नाही? मग रोग म्हणजे काय?

फुप्फुसकाका

राग कसला. खुद्द कॉख यांनाही हा प्रश्न छळून गेला. एखादा जंतू एखाद्या रोगाचं कारण आहे असं कधी म्हणायचं, याचे त्यांनी निकष घालून दिले होते. जंतू प्रत्येक रोग्यात सापडला पाहिजे आणि निरोग्यात सापडता कामा नये, असा त्यांचा आग्रह. पुढे कॉलऱ्याचे जंतू धडधाकट माणसांतही सापडायला लागले आणि निकषाचा दुसरा भाग त्यांना सोडावा लागला.

रोग म्हणजे शरीराची रचना किंवा काम बिघडणं. जंतू असणं ही एक घटना, त्याने बिघाड करणं ही दुसरी. मॅन्टू चाचणी फक्त पहिली ओळखते. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी घट्ट झालेला भाग मोजतात (लाली मोजायची नसते, कितीतरी ठिकाणी तीच मोजून ठेवतात!). १० मिलिमीटर आलं म्हणून लगेच सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झालेले लोक मी पाहिलेत. आपल्याकडे दर तीन-चार प्रौढांमागे एकाची चाचणी अशी येईल. सगळ्यांना रोगी म्हणणार का?

आणि उलटही असतं. रोग आहे पण त्रास नाही. २०१९-२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांना सांगण्यासारखी लक्षणं नव्हती, ते केवळ एक्स-रेमुळे सापडले. या अवस्थेला सबक्लिनिकल म्हणतात.

लॅबवाली

सबक्लिनिकलवरून लिहिते. लोकांना 'निगेटिव्ह' म्हणजे 'नाही' असं वाटतं. थुंकीच्या काचेवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि माणूस पॉझिटिव्ह. चाचणी खऱ्या रुग्णांतले किती पकडते ती तिची सेन्सिटिव्हिटी, आणि निरोगी माणसाला किती वेळा बरोबर सोडून देते ती स्पेसिफिसिटी. या दोन शब्दांवाचून कुठलाही रिपोर्ट अर्धवट.

मुळात नमुनाच चुकीचा येतो. डबीत पांढरी फेसाळ लाळ आणून देतात. आम्हाला थुंकी नको, बेडका हवा! सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून काढायचा. घट्ट, पिवळसर, काडीला चिकटून येणारा. त्याची काच करायची, कार्बोल फ्युक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत गरम करायची, मग आम्लाने धुवायची. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. रिपोर्टात 'एएफबी' असतं ते याचंच, आम्लाला दाद न देणारे जंतू. शंभर फील्डमध्ये (फील्ड म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारा भाग) १ ते ९ दिसले तर 'स्कॅन्टी', १० ते ९९ ला 'वन प्लस', एकेका फील्डमध्ये दहाहून जास्त असले तर 'थ्री प्लस'. हे प्लस आजार किती जुना ते सांगत नाहीत, नमुन्यात जंतू किती ते सांगतात.

आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट आलेत, ते जंतूचा जनुकीय अंश शोधतात. (ट्रूनॅट आपल्या गोव्याच्या कंपनीचं बरं का!) काचेपेक्षा पुष्कळ तिखट नजर, आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही कळतं. पण मेलेल्या जंतूचा अंशही त्यांना सापडतो. ज्यांचा टीबी होऊन गेलाय त्यांच्यात नुसता हा रिपोर्ट पाहून निकाल लावू नये.

परमुलखी

माझा अनुभव. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर भारतातून निघण्याआधी टीबीची तपासणी लागते. माझ्या एक्स-रेत वरती एक जुना व्रण निघाला. कधी झाला, कसा झाला, घरात कुणालाच पत्ता नाही. मला सर्टिफिकेट लगेच मिळालं नाही, थुंकीचे नमुने कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) पाठवले. कल्चरला आठ आठवडे लागू शकतात हे तेव्हा कळलं. जंतू किती संथ वाढतो ते काकांनी वर लिहिलंय, त्याचा भुर्दंड मी भरला, विमानाचं तिकीट बुडालं. कल्चर निगेटिव्ह आलं.

भाऊ_पिंपळे

चला, संसर्ग आणि रोग वेगळे हे मान्य. पण शंभरातल्या त्या पाच-दहा जणांनाच का होतो? कारण जंतू म्हणता, मग सरकार पोषण आहाराचे पैसे कशाला देतं?

फुप्फुसकाका

भाऊ, आता खऱ्या मुद्द्याला हात घातलात.

जंतू हे कारण. त्याच्याशिवाय टीबी होणार नाही. जोखमीचे घटक म्हणजे रिस्क फॅक्टर वेगळे. ते असले म्हणून रोग होतोच असं नाही, पण पारडं झुकतं. मधुमेहाने टीबीचा धोका दोन-तीन पट होतो. एचआयव्हीने त्याच्या कितीतरी पट. दगडखाणीतली सिलिकाची धूळ, दारू, तंबाखू. आणि या सगळ्यांत आपल्या देशात सर्वांत मोठं माप टाकणारी उपासमार. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघालं. जंतू तेच, हवा तीच, फक्त ताटात भर पडली. नि-क्षय पोषण योजनेतले महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, त्यामागे हाच विचार आहे. मला विचाराल तर तेही कमीच.

एक उदाहरण फार बोलकं आहे. संधिवातावर टीएनएफ नावाचं रसायन अडवणारी इंजेक्शनं देतात. ग्रॅन्युलोमाचं कडं टिकून राहायला हेच टीएनएफ लागतं. ते अडवलं की कडं सुटतं आणि वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू बाहेर पडतो. याला रिअ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. म्हणून ती इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची चाचणी करतात. कुणाला संधिवाताच्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे सांगितला तर कमिशनचा संशय घेऊ नका. :)

इतिहासवेडी

अवांतर: आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात, वय २१. म्हणजे जंतू सापडून पाच वर्षं होत आली होती. कारण कळलं होतं, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. मधल्या साठ वर्षांत लोकांना हवापालट, दूध-अंडी, विश्रांती एवढाच आधार. मिरजेजवळची वॉनलेसवाडी आमच्या आजीच्या तोंडी असायची ती त्यामुळेच, तिथे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. सॅनेटोरियम बंद कशी पडली? मद्रासच्या एका अभ्यासात १९५९ साली दिसून आलं, की घरी राहून औषधं घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि घरच्यांना जादा धोकाही पोचत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार! माळ्यावरच्या पिशवीत मोतीबिंदूच्या वेळचा एक्स-रे मिळाला. सर्जननी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून पाहिल्या, डाग अगदी तसाच. ऑपरेशनला हिरवा कंदील. लेक आजोबांच्या खोलीत ठाण मांडून आहे.

त्यांच्या कागदावर मात्र नवीन कोडं: "के/सी/ओ डीएम. एच/ओ पीटीबी. नो सी/ओ. ओ/ई एनएडी." आणि खाली "आर/ओ" करून सीओपीडी, पुढे प्रश्नचिन्ह. आता सीओपीडी पण झाला का?

लॅबवाली

नाही हो ताई. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, डीएम म्हणजे मधुमेह. एच/ओ म्हणजे पूर्वी होऊन गेलेला, पीटीबी म्हणजे फुप्फुसाचा टीबी. या दोघांतला फरक महत्त्वाचा, पहिला आज आहे, दुसरा नाही. सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार, ओ/ई म्हणजे डॉक्टरांना तपासताना आढळलेलं, एनएडी म्हणजे काही वावगं आढळलं नाही. आर/ओ म्हणजे 'हे नाही ना, याची खात्री करा'. झालाय असं नव्हे!

फुप्फुसकाका

बरोबर. आणि त्या प्रश्नचिन्हाला जपा. घरी पोचेपर्यंत ते गळून पडतं. "? सीओपीडी" चं "डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला" होतं. डॉक्टरच्या डोक्यात एका वेळी तीन-चार शक्यता असतात, त्या यादीला डिफरन्शियल डायग्नोसिस म्हणतात. कागदावर त्यातली एखादी उतरते. रेडिऑलॉजिस्टचे शब्दही असेच तोलून वाचायचे. 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे तिकडे झुकतंय, 'कन्सिस्टंट विथ' म्हणजे त्याच्याशी जुळतंय. दोन्हींत 'हेच आहे' असं कुणी म्हटलेलं नाही.

सी/ओ आणि ओ/ई वेगळे लिहितात त्यालाही अर्थ आहे. पेशंट सांगतो ते सिम्प्टम, डॉक्टरला सापडतं ते साइन. "धाप लागते" हे सिम्प्टम. श्वासाचा वेग मिनिटाला ३० मोजला ती साइन.

आंबटचुका

आणि अ‍ॅक्यूट-क्रॉनिक? आमच्याकडे 'क्रॉनिक' म्हटलं की रडारड सुरू होते.

फुप्फुसकाका

दोन्ही शब्द काळाचे, गांभीर्याचे नव्हेत. साधी सर्दी अ‍ॅक्यूट, पायाच्या नखाची बुरशी क्रॉनिक. टीबी सहसा क्रॉनिक, पण लहान मुलांत मेंदूच्या आवरणाला झाला तर बघता बघता जिवावर बेततो. बाळाला जन्मल्यावर बीसीजी टोचतात ती मुख्यतः अशा घातक प्रकारांपासून संरक्षण म्हणून. मोठेपणीचा फुप्फुसाचा टीबी ती भरवशाने थांबवत नाही.

सोनटक्का

धागा वर काढतेय. मला मानेच्या गाठींचा टीबी होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. कार्डावर "ट्रीटमेंट कंप्लीटेड" लिहिलंय. शेजारच्या काकांना फुप्फुसाचा होता, त्यांच्या कार्डावर "क्युअर्ड". म्हणजे मी बरी झाले नाही का? शिवाय औषधं चालू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात गाठ उलट वाढली होती, ते मनात आहेच.

फुप्फुसकाका

'क्युअर्ड' लिहायला पुरावा लागतो. सुरुवातीला थुंकीत जंतू सापडलेले हवेत आणि शेवटी थुंकी तपासून ते नाहीत असं दिसायला हवं. तुमच्या आजारात थुंकीत जंतू नव्हतेच, मग शेवटी काय तपासणार? म्हणून कोर्स पूर्ण केलेल्या गाठींच्या रुग्णांना 'कंप्लीटेड' हाच शेरा मिळतो. तो यशस्वी उपचारांतच मोजतात.

गाठ वाढली त्याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. औषधाने जंतू मरतात, त्यांचे तुकडे सुटतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. सूज जंतूंची नसते, लढाईची असते. तुमच्या डॉक्टरांनी औषधं न बदलता वाट पाहिली असेल तर योग्यच केलं. बारकी, न दुखणारी गाठ हाताला लागत राहिली तरी चालतं. नवी गाठ आली, जुनी वाढायला लागली, ताप आला किंवा वजन उतरलं तर मात्र दाखवायचं. तो रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणं, असू शकतो आणि मग सुईने नमुना घेऊन कल्चर करावं लागतं, औषधांना जंतू दाद देतोय का ते बघायला.

सोनटक्का

हो, औषधं तीच ठेवली होती. वजन चार किलोंनी वाढलंय. :) काका, घरच्यांना काही तपासणी लागते का? मुलगा सात वर्षांचा आहे.

फुप्फुसकाका

गाठींचा टीबी हवेतून पसरत नाही, त्यामुळे तुमच्यापासून त्याला धोका नाही. पण शेजारच्या काकांकडे त्याचं रोजचं येणं-जाणं असेल, तर सरकारी दवाखान्याच्या टीबी विभागात जाऊन विचारा. फुप्फुसाच्या रुग्णाच्या निकट सहवासातल्यांना आधी रोग नाही ना ते पाहतात, मग तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्यांच्या घरातल्यांना त्या मिळाल्या का, हेही जमलं तर विचारा.